रेडिओचा मजकूर झाला तेव्हा



आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस रेडिओवर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही जन्मभर कांट आणि न्यायदर्शन शिकवलं. सोल्डरिंग आयर्न आयुष्यात एकदाच हातात धरलं आणि बोट भाजून घेतलं. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, त्याचं कारण आधी सांगतो.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक सहकारी होते. हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात ते. रीतसर परवाना घेऊन, घरच्या गच्चीवर तार ताणून जगाशी बोलणारे. 22 जुलै 2009 ला सूर्यग्रहण झालं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सुरतेकडून पाटण्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात ते खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. दिव्यांची अवस, ऐन पावसाळा, आणि सूर्य उगवला तोच ग्रासलेला. ढग इतके होते की आमच्या गावात तो कुणालाच दिसला नाही. पण हे गृहस्थ आदल्या संध्याकाळी आम्हाला म्हणाले, "प्रोफेसर, रेडिओला ढगांची अडचण नसते हो."

त्यांचा हिशेब असा होता. रोज सकाळी सूर्य वर यायला लागला की आकाशातल्या आयनांबराचा खालचा थर भरत जातो, आणि 7 मेगाहर्ट्झच्या आसपासचे लांबचे आवाज हळूहळू विझतात. ग्रहणाच्या दिवशी हे विझणं किती लांबतं, ते त्यांना पाहायचं होतं. म्हणून पहाटेपासून त्यांनी एक स्टेशन नव्हे, तर जवळजवळ 100 किलोहर्ट्झचा अख्खा पट्टाच संगणकावर साठवून ठेवला. दहा वर्षांनी, 26 डिसेंबर 2019 ला, दक्षिणेत कंकणाकृती ग्रहण झालं आणि आमच्याकडे पुन्हा खंडग्रास, तेव्हाही त्यांनी तेच केलं. निवृत्तीनंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून एक टिपण लिहायचं, असं ठरवलं होतं. ते राहून गेलं. टिपणाआधी तेच गेले.

पुढे एक दिवस वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या डिस्क तशाच पडल्यात. त्यांच्यात काय आहे ते एकदा कुणाकडून बघून द्याल का?" आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला घेऊन गेलो. 2019 ची नोंद त्याने आपल्या जुनाट लॅपटॉपवर उघडली. विंडोज पेलत नाही म्हणून त्याच्यावर त्याने लिनक्स टाकलेलं होतं. एका फुकट, मुक्त प्रोग्रामात ती फाइल पाच मिनिटांत चालू झाली. पडद्यावर धबधब्यासारखं चित्र खाली सरकायला लागलं, त्यातल्या एका रेघेवर त्याने माउस नेला, आणि त्या सकाळी कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं की आमच्याकडे उजेड पिवळसर झालाय. वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या ऐकत बसल्या.

2009 ची नोंद उघडली नाही. त्या वेळचा प्रोग्राम एका छोट्या कंपनीचा, विकतचा. तो एकाच संगणकावर, एकाच किल्लीने चालायचा. तो संगणक जळाला, कंपनी बंद पडली, आणि फाइल लिहिलेली होती ती कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने. फाइल जागेवर आहे. आकडे आहेत. वाचता येत नाहीत.

एक ग्रहण हाताशी आहे आणि एक नाही, हा फरक कशाने पडला, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. उत्तर शोधायला निघालो तेव्हा कळलं की त्यामागे वीसपंचवीस वर्षांचा एक इतिहास आहे, आणि तो बहुतांशी हौशी लोकांनी घडवलेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या पिढीने पाहिलेला रेडिओ म्हणजे लाकडी किंवा प्लॅस्टिकची पेटी. तो बाळगायलासुद्धा परवाना लागायचा आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागायची. त्या पेटीच्या आतली मूळ कल्पना आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसाची, 1918 ची. येणारी लहर दुसऱ्या एका लहरीत मिसळायची, तिची फ्रिक्वेन्सी खाली आणायची, मग चाळणी लावायची, मग आवाज वेगळा काढायचा. प्रत्येक पायरीला वेगळं सर्किट. चाळणी बदलायची म्हणजे भाग उपसून नवा बसवायचा. रेडिओ ही वस्तू होती, आणि वस्तूचं ज्ञान हातात असायचं.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मिटोला या अभियंत्याने 'सॉफ्टवेअर रेडिओ' हा शब्द रूढ केला. कल्पना अशी की लहर शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलायची, आणि पुढची सगळी कामं, मिसळणं, चाळणं, आवाज काढणं, गणिताने करायची. चाळणी बदलायची तर प्रोग्राममधली एक ओळ बदलायची. पहिल्यांदा यात रस घेतला तो सैन्याने आणि मोठ्या कंपन्यांनी, कारण इतक्या वेगाने आकडेमोड करणारी यंत्रं त्यांनाच परवडत होती.

हे आकडे कसे असतात, ते आम्हाला आमच्या मित्राने गच्चीवर समजावलं होतं. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर एक पोरगं बसलंय. तुम्ही लांब, पाळण्याच्याच उंचीवर उभे आहात. तुम्हाला ते पोरगं फक्त डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाताना दिसेल. पाळणा कुठल्या दिशेने फिरतोय, ते एका जागेवरून सांगता येणार नाही. पण तुमच्यापासून पाव फेरा अंतरावर दुसरा माणूस उभा केला आणि दोघांनी एकाच क्षणी काय दिसलं ते लिहिलं, तर दिशाही कळते आणि वेगही कळतो. सॉफ्टवेअर रेडिओ हेच करतो. लहरीचे दोन नमुने पाव फेऱ्याच्या अंतराने घेतो. एकाला म्हणतात आय, दुसऱ्याला क्यू. या दोन रांगा मिळाल्या की पट्ट्यातलं सगळं त्यांत आलं. म्हणूनच 2019 ची सकाळ आज पुन्हा 'लावता' येते. तेव्हा न ऐकलेलं स्टेशनसुद्धा आज ऐकता येतं.

आणि या दोन रांगा घ्यायला लागतं काय? इथे हौशी लोकांची चलाखी कामी आली. घरच्या प्रत्येक संगणकात आवाजाचं साउंड कार्ड असतं, त्याला डावा आणि उजवा असे दोन कान असतात. डाव्या कानात आय, उजव्या कानात क्यू. संगीत ऐकण्यासाठी केलेली सोय रेडिओच्या कामाला आली.

2002 च्या जुलैत अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या क्यूईएक्स या नियतकालिकात जेराल्ड यंगब्लड यांनी चार भागांची लेखमाला सुरू केली. तिच्या शीर्षकाचा अर्थ होता, सर्वांसाठी सॉफ्टवेअर रेडिओ. डॅन टेलो नावाच्या दुसऱ्या हॅमने सुचवलेलं एक अगदी सोपं सर्किट, त्यापुढे साउंड कार्ड, आणि बाकी सगळं प्रोग्रामात. गणित छापलं, प्रोग्राम कसा लिहायचा तेही छापलं. पुढे त्यातून एसडीआर-1000 नावाचा रेडिओ विक्रीला आला, आणि त्याच्या पॉवरएसडीआर या प्रोग्रामचा सोर्स कोड जीपीएल या परवान्याखाली खुला ठेवला गेला. जीपीएल म्हणजे काय, तर वाचा, बदला, वाटा. अट एकच. बदललेलं वाटाल तर तुमचे बदलही असेच खुले ठेवा.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. पण त्यात एक अडचण होती. हा प्रोग्राम विंडोजचा होता. सुरुवातीची आवृत्ती तर व्हिज्युअल बेसिकमध्ये होती, म्हणजे विंडोज सोडून कुठेच न जाणारी. ज्याच्याकडे लिनक्स किंवा मॅक होतं, त्याला हा खुला कोड वाचता येत होता, चालवता येत नव्हता.

आता ही अडचण किरकोळ आहे की मुळातली? यावर आमचा आणि आमच्या विद्यार्थ्याचा वाद झाला. तो म्हणाला, "सर, कोड खुला आहे ना, मग ज्याला पाहिजे त्याने आपल्या यंत्रासाठी लिहून घ्यावा." आम्ही त्याला पुण्याच्या पेशवे दफ्तराचं उदाहरण दिलं. तिथे मोडी कागदांची रुमालंच्या रुमालं आहेत. अभ्यासकाला ती पाहायला बंदी नाही. पण मोडी वाचणारे किती उरलेत? कपाट उघडं असणं आणि कागद बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना कपाट उघडतो. लिप्यंतर करणारा कागदाला बोलतं करतो. सॉफ्टवेअरच्या जगात एकच प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालेल असा लिहिणं, हे त्या लिप्यंतराचं काम आहे.

आणि ते काम नुसतं चिकाटीचं नाही, त्याला रचनेची दृष्टी लागते. फ्रँक ब्रिकल आणि बॉब मॅकग्वायर या दोन हॅमनी डीटीटीएसपी नावाचं एक इंजिन लिहिलं. सी भाषेत, मुळात लिनक्सवर, जीपीएलखाली. त्याला पडदा नव्हता, बटणं नव्हती, फक्त गणित होतं. एका बाजूने आय-क्यूच्या रांगा आत जायच्या, दुसऱ्या बाजूने आवाज बाहेर यायचा. मग काय झालं पाहा. हेच इंजिन पॉवरएसडीआरच्या पोटात बसलं आणि विंडोजवर चाललं. पुढे जॉन मेल्टन यांनी तेच इंजिन घेऊन लिनक्ससाठी वेगळा पडदा चढवला. गणित एक, दर्शनी भाग अनेक. जे यंत्रावर अवलंबून आहे आणि जे नाही, त्यांची फारकत आधीच केलेली असली की प्रोग्राम एका यंत्राबरोबर मरत नाही. आमच्या विषयात द्रव्य आणि गुण वेगळे करायला आम्ही विद्यार्थ्यांना वर्षभर शिकवायचो. या मंडळींनी ते गरजेपोटी केलं.

ही फारकत करताना कुठे कुठे ठेच लागते, त्याची यादी आम्ही विद्यार्थ्याकडून करून घेतली. ऐकण्यासारखी आहे.

पहिली ठेच आवाजाची. प्रत्येक प्रणाली साउंड कार्डाशी आपापल्या बोलीत बोलते. म्हणून पोर्टऑडिओसारखा दुभाष्या लागतो. प्रोग्राम त्याच्याशी बोलतो, तो पुढे ज्याच्या त्याच्या बोलीत सांगतो. पॉवरएसडीआरनेही त्याचाच आधार घेतला होता.

दुसरी वेळेची. सेकंदाला 96,000 नमुने येत असतील आणि प्रोग्राम 2048 चा एकेक घास घेत असेल, तर एका घासाला मिळतात जेमतेम 21 मिलिसेकंद. तेवढ्यात तो चावून संपवला नाही तर पुढचा घास दारात उभा. आवाजात टकटक ऐकू येते. एका प्रणालीवर सुरळीत चालणारा प्रोग्राम दुसरीवर टकटकतो, कारण त्या घटकेला ती प्रणाली दुसरंच काहीतरी आवरत असते.

तिसरी आकड्यांची. मोठी संख्या अनेक बाइटांत लिहिताना थोरला बाइट आधी लिहायचा की धाकटा, याबद्दल यंत्रांमध्ये एकमत नव्हतं. पॉवरपीसी चिपवाले जुने मॅक थोरला आधी लिहायचे, घरोघरचे पीसी धाकटा आधी. ही काळजी घेतली नाही तर चांगली नोंद दुसऱ्या यंत्रावर नुसती खरखर होते.

चौथी आम्हाला सगळ्यांत आवडली. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून टिंब नव्हे, स्वल्पविराम देतात. इथला प्रोग्राम 7.1 असं लिहून ठेवतो, तिथला संगणक 7,1 ची वाट पाहत बसतो, आणि रेडिओ भलत्याच फ्रिक्वेन्सीवर जातो. यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. आपली सवय हीच जगाची रीत, असं प्रत्येकाने गृहीत धरलं, एवढंच.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक मोठी फळी उभी राहत होती. 2001 मध्ये एरिक ब्लॉसम यांनी जॉन गिलमोर यांच्या आर्थिक पाठबळावर ग्नू रेडिओ सुरू केला. हा एक रेडिओ नव्हे, रेडिओ बांधायचे ठोकळे. चाळणीचा ठोकळा, मिसळण्याचा ठोकळा, ते जोडत जायचे. मॅट एटस यांनी त्याच्या जोडीला हार्डवेअर केलं, त्याचे आराखडेही खुले ठेवले.

ग्नू रेडिओच्या बाबतीत एक प्रसंग असा आला, की हा सगळा उद्योग बेकायदा ठरायची वेळ आली होती. 2003 मध्ये अमेरिकेच्या संपर्क आयोगाने नियम केला, की जुलै 2005 पासून डिजिटल टीव्हीचे संकेत उलगडणाऱ्या साधनांनी कार्यक्रमातली एक खूण पाळली पाहिजे, आणि वापरणाऱ्याला त्यात सहजी फेरफार करता येऊ नये. हेतू होता कार्यक्रमांच्या नकला रोखण्याचा. पण ग्नू रेडिओवाल्यांनी तोच टीव्ही उलगडणारा कोड लिहिला होता. आता ज्याचा कोड कुणीही वाचावा आणि बदलावा, ते साधन 'फेरफार न करता येणारं' कसं करणार? तो वदतोव्याघात आहे. ग्रंथालयांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मे 2005 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की कार्यक्रम घरी येऊन पोहोचल्यानंतर संचाने त्याचं काय करावं हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाही. नियम रद्द झाला. लागू व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. तंत्राच्या इतिहासात अशा जागा असतात, जिथे पुढचं सगळं एका निकालावर टेकलेलं असतं.

आता एका शास्त्रज्ञाची गोष्ट. जोसेफ टेलर यांना 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रसेल हल्स यांच्याबरोबर, जोड-पल्सारच्या शोधाबद्दल. हा माणूस शाळकरी वयापासून हॅम. पल्सारचे क्षीण ठोके खरखरीतून शोधण्यात हयात गेलेली. 2001 मध्ये त्यांनी तेच कसब हौशी रेडिओकडे वळवलं आणि डब्ल्यूएसजेटी हा प्रोग्राम दिला. हा पुरा सॉफ्टवेअर रेडिओ नव्हे. साध्या रेडिओचा आवाज साउंड कार्डातून घेऊन त्यातला निरोप तो गणिताने काढतो. पण भावंड तेच. पहिल्यांदा तोही फक्त विंडोजवर चालायचा. 2005 पासून तो जीपीएलखाली खुला झाला आणि लिनक्स, मॅकवर गेला. आजही त्याचं गणित मोठ्या प्रमाणात फोर्ट्रान या जुन्या भाषेत आहे, आणि पडदा क्यूटी नावाच्या साधनाने केलेला आहे, जो तिन्हीकडे चालतो. म्हणजे पुन्हा तीच फारकत. 2017 मध्ये टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी त्यात एफटी8 ही पद्धत आणली. 15 सेकंदांच्या पाळ्या, 50 हर्ट्झची अरुंद वाट, आणि माणसाच्या कानाला ऐकूही येणार नाही इतका बारीक संकेत. गच्चीवर फूटभर तार टाकायला जागा नसलेल्या फ्लॅटमधल्या हॅमलाही त्यामुळे समुद्रापार पोहोचता आलं.

पल्सारचा विषय निघालाच आहे, तर नारायणगावजवळच्या खोडदची आठवण काढलीच पाहिजे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. त्यांचे संकेत एकत्र करण्याचं काम आधी खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सवर चालायचं. 2010 च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर, सॉफ्टवेअरने करून दाखवलं. गच्चीवरचा हॅम आणि खोडदची दुर्बीण यांच्यात आकाराचा फरक प्रचंड आहे, पण रेडिओचा मजकूर होण्याची क्रिया दोन्हीकडे एकच आणि जवळपास एकाच काळातली.

मग आलं 2012. संगणकाला लावून टीव्ही पाहायची एक स्वस्त यूएसबी कांडी मिळायची, आत रिअलटेक कंपनीची आरटीएल2832यू ही चिप. फिनलंडचे अँटी पालोसारी त्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहीत होते. त्यांच्या लक्षात आलं, की एफएम ऐकवताना ही चिप उलगडलेला आवाज देतच नाही. कच्चे नमुनेच संगणकाकडे फेकते आणि पुढचं काम सॉफ्टवेअरवर सोडते. म्हणजे वीसेक डॉलरच्या टीव्हीच्या कांडीत अख्खा सॉफ्टवेअर रेडिओ दडलेला होता. ऑस्मोकॉम या मंडळींनी तिच्यासाठी खुली लायब्ररी लिहिली. ती लिबयूएसबी या यूएसबीच्या दुभाष्यावर उभी होती, त्यामुळे लिनक्सपुरती राहिली नाही, विंडोज आणि मॅकवरही गेली. विमानांचे संकेत, हवामान-उपग्रहांची चित्रं, गावातलं एफएम, सगळं या कांडीवर आलं. कंपनीने हे विकलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी ते तिच्यात वाचलं.

त्या कांडीवर दोन प्रोग्राम विशेष गाजले. ॲलेक्झांड्रू चेटे यांचा जीक्यूआरएक्स, ग्नू रेडिओ आणि क्यूटीवर उभा, लिनक्स आणि मॅकसाठी. आणि विंडोजसाठी एसडीआरशार्प. हा दुसरा आधी खुला होता, नंतर त्याच्या लेखकाने पुढच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड देणं थांबवलं. यात आम्ही दोष देत नाही. ज्याने लिहिलं त्याला आपल्या पुढच्या लिखाणाबद्दल ठरवायचा हक्क आहे, आणि प्रोग्राम फुकट मिळतच राहिला. पण फुकट आणि मुक्त यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. फुकट म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे उद्या लेखक थांबला, किंवा लेखकाचं मन बदललं, तरी काम दुसऱ्याला पुढे नेता येतं.

आता स्वतःच्याच म्हणण्यावर आक्षेप घेऊ. न्यायदर्शनवाल्याला पूर्वपक्ष मांडल्याशिवाय झोप येत नाही.

आक्षेप असा: मुक्त आणि सर्व यंत्रांवर चालणारं सॉफ्टवेअरसुद्धा मरतंच की. हे खरं आहे. या प्रोग्रामांपैकी पुष्कळ पायथन भाषेवर टेकलेले. त्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. ग्नू रेडिओने 2019 मध्येच तिसऱ्या आवृत्तीची तयारी करून घेतली, पण लोकांनी त्याच्यावर बांधलेली कितीतरी छोटी कामं जुन्याच आवृत्तीत अडकली. कोड समोर आहे, परवाना आहे, आणि तरी नव्या संगणकावर चालत नाही. शिवाय ही कामं करणारे मोजकेच. दिवसा नोकरी, रात्री हे. तीन प्रणालींवर चालवायचं म्हणजे तिप्पट तक्रारी. कुणाचं घर, कुणाची तब्येत, कुणाचा उत्साह, काहीतरी संपतं आणि काम थांबतं.

आमचं उत्तर असं. पोथीही कधी एकदा लिहून टिकली नाही. कागद कुजतो, वाळवी लागते. ज्या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या, त्या प्रत्येक दोनचार पिढ्यांनी कुणीतरी बसून नक्कल केली म्हणून आल्या. मुक्त परवाना अमरत्व देत नाही. तो नक्कल करायची मुभा देतो. सर्व यंत्रांवर चालेल अशी रचना ती नक्कल करणं माणसाच्या आवाक्यात आणते. आणि तिसरी गोष्ट, नक्कल करणारा माणूस, तो मात्र आपल्यालाच पुरवावा लागतो. या तिन्हींपैकी एक जरी नसलं तरी मजकूर मुका होतो. आमच्या मित्राच्या 2009 च्या नोंदीला पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या. म्हणून तिसरी असूनही, म्हणजे आमचा विद्यार्थी समोर बसलेला असूनही, काही उपयोग झाला नाही.

त्यांना 2009 साली कुणी काही सांगितलं नव्हतं असंही नाही. 2019 ची नोंद त्यांनी साध्या, दोन कानांच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवली, याचा अर्थ मधल्या दहा वर्षांत ते स्वतःच शिकले. फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि मधली फ्रिक्वेन्सी लिहिली होती, आणि सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अँटेनाची लांबी. आपल्यामागे हे कुणीतरी उघडेल, याचा विचार केलेला माणूस असं लिहितो.

श्रोत्यांपैकी कुणी ही कांडी आणून प्रयोग करणार असेल, तर आमची विनंती एवढीच, की नोंद ठेवताना तीन प्रश्न विचारा. ही फाइल दुसऱ्या प्रोग्रामात उघडते का? दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर उघडते का? आणि मी शेजारी नसताना उघडते का? पहिले दोन प्रश्न आजच्या आज तपासता येतात. तिसऱ्यासाठी घरातल्याच कुणाला तरी बसवून पाहा.

2009 ची डिस्क सध्या आमच्या विद्यार्थ्याकडे आहे. फाइलीच्या सुरुवातीचे काही बाइट ओळखीचे वाटतात असं तो म्हणतो, पण पुढचं दाबून, गुंडाळून ठेवलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी तो त्याच्यावर बसतो. वहिनींनी त्याला यांची जुनी वही दिली आहे, तिच्यात त्या सकाळच्या तासातासाच्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत. अमुक वेळेला अमुक स्टेशन ऐकू येत होतं, असं वहीवरून कळतं, म्हणजे उलगडलेले आकडे बरोबर की चूक ते ताडून पाहता येईल. काही निघालं तर याच व्यासपीठावर येऊन सांगू.

इथे थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ. सोल्डरिंगबद्दल सोडून काहीही विचारा.